मूळ गाव, हल्ली मुक्काम

सोमवार. रामकुंड ते गंगापूर गाव, १० किलोमीटर

धावायला लागण्याआधी मला एक वही बघायची होती.

रामकुंडापासून चार पावलांवर आमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय राहतात. पौषातली पहाट, कुंडावर वाफ, आणि मुंडण केलेले दोन भाऊ हातात अस्थींचा कलश घेऊन पायरीवर उभे. गुरुजींनी मला आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि आतून लाल बासनात बांधलेली आडवी वही आणली. नाशिक-त्र्यंबकच्या गुरुजींकडे अशा नामावळ्या पिढ्यानपिढ्या जपलेल्या असतात. कुणी अस्थी घेऊन आलं, श्राद्धाला आलं, सिंहस्थात आलं, की त्याचं, बापाचं, आजाचं, भावांचं, पोरांचं नाव लिहायचं आणि खाली सही नाहीतर अंगठा घ्यायचा. जुनी पानं मोडीत आहेत. मला मोडी येत नाही. गुरुजींनी बोट ठेवून पणजोबांचं नाव वाचून दाखवलं. पुढे दोन पानांवर आजोबांची बालबोध सही, साल १९७४. सहीखाली एक ओळ : मूळ गाव अमुक, तालुका नांदगाव. हल्ली मुक्काम नाशिक.

ती ओळ मी बराच वेळ बघत बसले. १९७२ च्या दुष्काळात आजोबा गावाजवळच्या कामावर खडी फोडत होते. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी. ती मिलो अमेरिकेतून बोटीनं येत होती. धान्य समुद्र ओलांडून गावात आलं आणि आजोबा तीन पोरं घेऊन गावाबाहेर पडले. दोन वर्षांनी आईच्या अस्थी घेऊन ते इथं आले तेव्हा गुरुजींनी विचारलं असणार, आता राहता कुठं? पुढं ते मरेपर्यंत नाशिकलाच राहिले. पण कुणी गाव विचारलं की नांदगावकडचंच सांगायचे. नाशिक त्यांच्या लेखी शेवटपर्यंत ‘हल्ली’च होतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि बारा वर्षं लांब पल्ल्याचं धावते. ही दोन कामं इतकी वर्षं वेगवेगळ्या खणांत होती. या आठवड्यात ती एकत्र करायची असं ठरवलं. जगभरात माणसं ज्या वाटांनी देश सोडतात त्यांतल्या काही वाटांची लांबी घ्यायची, ती नाशिक जिल्ह्याच्या रस्त्यांवर अंथरायची, आणि धावायची. पाठीवर पांढऱ्या मांजरपाटाची पट्टी, तिच्यावर त्या दिवसाची वाट मोठ्या अक्षरांत. कमरेच्या पिशवीत गुरुजींच्या वहीसारखीच एक छोटी आडवी वही. रस्त्यात जो कुणी थांबवून विचारील त्याच्यासाठी तिच्यात दोनच रकाने : मूळ गाव, हल्ली मुक्काम.

यात कला कुठं आहे, हे मला घरातल्यांनीही विचारलं. परफॉर्मन्स आर्टमध्ये कलाकाराचं शरीर, वेळ आणि जागा हेच रंग आणि कागद. २००८ मध्ये मार्टिन क्रीड या ब्रिटिश कलावंतानं लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात माणसं धावायला लावली. दर अर्ध्या मिनिटाला एक धावपटू दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जीव तोडून पळायचा, बास. बघणारे चित्रांसमोर उभे राहतात तसे त्या धावण्यासमोर उभे राहायचे. मला ती कृती आवडते. पण मला दालन नको होतं. रस्ता हवा होता, कारण हा विषयच रस्त्याचा आहे.

आजची पट्टी : ‘तुर्कस्तान ते लेस्वोस’. तुर्कस्तानचा किनारा आणि ग्रीसचं लेस्वोस बेट यांच्यात सगळ्यात अरुंद जागी जेमतेम दहा किलोमीटर पाणी आहे. कागदपत्रं असणाऱ्याला तो फेरीबोटीचा प्रवास. नसणाऱ्याला रबरी होडीचा, आणि तोही रात्रीचा. २०१५ या एका वर्षात आठ लाखांहून जास्त माणसं समुद्रातून ग्रीसला पोचली, त्यांतली निम्म्याहून जास्त याच बेटावर उतरली. बेटावर टाकून दिलेल्या लाइफ जॅकेटांचे डोंगर झाले. चिनी कलावंत आय वेईवेई यांनी त्यांतली १४ हजार जॅकेटं बर्लिनला नेली आणि २०१६ मध्ये तिथल्या संगीतगृहाच्या खांबांना बांधली. त्या केशरी खांबांचा फोटो मी दहावीच्या वर्गाला दाखवते. एका मुलीनं एकदा विचारलं होतं, ‘बाई, यातलं लहान मुलाचं कुठलं?’

अशोकस्तंभ, जुना गंगापूर नाका, आनंदवल्ली, सोमेश्वर. डाव्या-उजव्या हाताला कुठं ना कुठं गोदावरी असतेच. दहा किलोमीटर माझ्या पायांना काहीच नाही, एक तास सहा मिनिटं लागली. पण नदीकडे बघत बघत ‘हे सगळं पाणी असतं तर’ असा विचार करत धावलं की दहा किलोमीटर संपता संपत नाहीत.

वहीत पहिली नोंद सोमेश्वरच्या पुढे झाली. एका अर्धवट इमारतीचे वॉचमनकाका पट्टी वाचून हसले आणि म्हणाले, ‘ताई, तुर्कस्तान या रस्त्यानं नाही.’ मी थांबून सगळं सांगितलं. ते गंभीर झाले. मूळ गाव जिंतूर, जिल्हा परभणी. ‘हल्ली मुक्काम’ म्हटल्यावर त्यांनी मागे इमारतीकडे बघितलं. तळमजल्यावर पत्रे लावून त्यांचं घर. ‘काय लिहू? ही बिल्डिंग झाली की आम्ही दुसऱ्या बिल्डिंगीवर.’ मग त्यांनी स्वतःच लिहिलं : साईटवर.

मंगळवार. सीबीएस ते घोटी, ३३ किलोमीटर

पट्टी : ‘फ्रान्स ते इंग्लंड’. डोव्हरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी तेहतीस किलोमीटर भरते. २०२२ मध्ये ४५ हजारांहून जास्त माणसं छोट्या होड्यांतून ती ओलांडून आली. पण मुंबई-आग्रा रस्त्यावर पाय ठेवला की मला दुसऱ्या देशाचं काही सुचत नाही. हा रस्ता स्वतःच्याच आठवणींनी भरलेला आहे.

पहाटे साडेचारला सीबीएस, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकातून निघाले. याच चौकातून ६ मार्च २०१८ ला किसान लाँग मार्च निघाला होता. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडचे हजारो शेतकरी, बहुतेक आदिवासी, कसत असलेली वनजमीन नावावर करा म्हणून मुंबईला पायी निघाले. सुमारे १८० किलोमीटर, सहा दिवस. तळपायांची सालं निघालेले फोटो सगळ्यांनी बघितले. शेवटच्या रात्री ते सायनला मुक्कामाला थांबले होते, पण सकाळी दहावीच्या पोरांची परीक्षा, मोर्च्यामुळे खोळंबा नको, म्हणून न झोपता रात्रीच चालत आझाद मैदानावर गेले. धावण्याच्या कुठल्याही शर्यतीत मी याच्याइतकी मोठी गोष्ट बघितलेली नाही.

आणि दोन वर्षांनी, २०२० च्या एप्रिल-मे महिन्यात, करोनाच्या टाळेबंदीत, त्याच रस्त्यावर माणसं उलट्या दिशेनं येऊ लागली. भिवंडी, कल्याण, मुंबईहून कसारा घाट चढून, इगतपुरी, घोटी, नाशिक, आणि तसंच पुढे धुळं, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश. १ मे च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला श्रमिक विशेष गाडी सुटली. अशा अगदी पहिल्या गाड्यांपैकी ती एक. पण रस्त्यावरची माणसं काही कमी झाली नाहीत. ८ मे ला तिकडे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, जालन्याहून निघालेले सोळा मजूर रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले.

आम्ही काही जण तेव्हा विल्होळीला रस्त्याच्या कडेला पाणी आणि मसालेभात घेऊन उभे राहायचो. एका दुपारी एक माणूस आला, पंचवीस-तिशीचा, यंत्रमागावरचा कामगार. मी पाण्याची बाटली पुढे केली. तो म्हणाला, ‘दीदी, चप्पल है क्या?’ त्याच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायाला फडकं बांधलेलं. आमच्याकडे भात होता, पाणी होतं, बिस्किटं होती. चप्पल नव्हती. मी ‘नहीं है’ म्हणाले. तो पुढे गेला. पाच-दहा मिनिटांनी माझी नजर माझ्याच पायांकडे गेली. माझ्या पायांत सहा हजारांचे धावायचे बूट होते. ते त्याला झाले असते की नाही, मी बघितलंसुद्धा नव्हतं.

हे पाच दिवस त्या दुपारीच सुरू झाले होते.

आज विल्होळीला, त्याच ठिकाणी, बूट काढून मी शंभर पावलं अनवाणी चालले. जानेवारीची सकाळ होती, डांबर गार होतं. मे महिन्यातल्या दुपारचं ते डांबर नव्हे, हे मला कळत होतं. पावलं मोजली, बूट घातले आणि पळायला लागले. मागून दुचाकीवर येणारा माझा मावसभाऊ काही बोलला नाही.

वाडीवऱ्ह्याला चहाच्या टपरीवर बाईंनी पट्टी मोठ्यानं वाचली. त्यांना वही दाखवली. त्या लगेच म्हणाल्या, ‘मूळ गाव म्हणजे माहेरचं लिहू का सासरचं?’ मला उत्तर देता येईना. २०११ च्या जनगणनेत देशातली ४५ कोटी माणसं आधीच्या राहत्या जागेवरून हललेली दिसतात, आणि बायकांच्या बाबतीत त्याचं सगळ्यात मोठं कारण लग्न आहे. म्हणजे आपल्याकडच्या स्थलांतराचा फार मोठा भाग हळदीच्या अंगानं, वरातीतून झालेला आहे आणि त्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही. मी बाईंना म्हटलं, तुम्हाला जे मूळ वाटतं ते लिहा. त्यांनी पेन थोडा वेळ तसंच धरलं. मग अकोले तालुक्यातल्या माहेरचं नाव लिहिलं, आणि कंसात नवऱ्याला दाखवू नका असं सांगितलं. दोघीही हसलो, पण त्यांचे डोळे पाणावले होते.

गोंद्याच्या कारखान्यांपाशी पाळी सुटली होती, त्यामुळे वहीची चार पानं एकदम भरली : नंदुरबार, दरभंगा, उदगीर, बालासोर. मुंढेगावनंतर उजवा गुडघा बोलू लागला. घोटीच्या अलीकडे घड्याळात तेहतीस भरले. चार तास बावीस मिनिटं.

बुधवार. पेठ

आज धावले नाही. उजव्या पायाचा एक फोड सुईनं फोडला, अंगठ्याचं नख काळं पडलंय. दुपारच्या एसटीनं पेठला आले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इथल्या एका पाड्यावरची आहे. ती नाशिकला नोकरी करते, पण आजीकडे राहा म्हणून तिनं निरोप ठेवला होता. पाडा मुख्य रस्त्यापासून तीन-चार किलोमीटर आत. सोळा-सतरा घरं. त्यांतल्या दहांना कुलूप. एका दाराला कुलूपही नव्हतं, कडीत नुसती काटकी खोचलेली.

आजींनी मला अंगणातच अडवलं. पट्टी त्यांना वाचता येत नव्हती. पाठीवरची पिशवी, पायांतले बूट, उन्हानं काळवंडलेलं तोंड बघून त्यांनी विचारलं, ‘कुठं जगाया चाललीस, बाई?’

मी हा शब्द आधी ऐकला होता, पण आज तो माझ्याकडे बघून उच्चारला गेला. पेठ, सुरगाणा, हरसूल या भागात मजुरीला बाहेर पडण्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. पावसाळ्यात इथं ढग फुटल्यासारखा पाऊस. भात, नागली, वरई होते, दिवाळीपर्यंत पुरते. मग काम नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरींचा तळ दिसतो. मजुरांच्या टोळ्या दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षबागांवर जातात, काही गुजरातेत. होळीला परत येतात. होळीला घरी नाही असं इथं चालत नाही.

रात्रभर तोच शब्द डोक्यात राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत २०२४ च्या अखेरीला जगभर १२ कोटी ३२ लाख माणसं जबरदस्तीनं घराबाहेर काढली गेलेली आहेत. त्यांच्यात निर्वासित वेगळे, आश्रय मागणारे वेगळे, देशातल्या देशात विस्थापित झालेले वेगळे, आणि पोटासाठी बाहेर पडलेले तर त्या आकड्यातच नाहीत. कायद्याला ही वर्गवारी लागते, कारण कुणाला दार उघडायचं आणि कुणाला नाही ते तिच्यावरून ठरतं. सीमेवरचा अधिकारी विचारतो, तू जीव वाचवायला आलास की पोट भरायला? आजींच्या शब्दात हा प्रश्नच बसत नाही. जगायला आलोय, एवढंच. मला वाटतं हा शब्द जगातल्या प्रत्येक सीमेवरच्या कचेरीत टांगायला हवा.

जेवायला नागलीची भाकर, उडदाची आमटी, खुरसणीची चटणी. जेवताना मी उद्याचं सांगितलं. पाठीवर गाठोडं घेऊन नाशिकपर्यंत जायचं, परवा त्याच्याही पुढे. गाठोड्यात काय घ्यावं ते मी त्यांनाच विचारलं, कारण टोळीबरोबर जाताना माणसं काय नेतात ते मला खरंखुरं न्यायचं होतं. आजींनी भिंतीवरचा तवा काढला, एक पातेलं, दोन गोधड्या. मग नागलीच्या पिठाची पिशवी काढून दिली. ‘हे कशाला, आजी, खूप झालं,’ म्हटलं तर म्हणाल्या, ‘तुझं नाही ते. माझी लेक वडनेरभैरवला बागेत आहे. तिला दे. तिकडं नागली मिळत नाही.’ पीठ दळून ठेवलेलंच होतं. कुणाबरोबर पाठवायचं तेवढं बाकी होतं.

काट्यावर गाठोडं नऊ किलो दोनशे ग्रॅम भरलं.

गुरुवार. पेठ ते नाशिक, ५५ किलोमीटर

आजची आणि उद्याची पट्टी एकच : ‘कोलंबिया ते पनामा’. अमेरिका खंडाच्या दोन टोकांना जोडणारा महामार्ग या एकाच जागी तुटतो. मध्ये सुमारे शंभर किलोमीटर जंगल, चिखल आणि नद्या. त्याला दारियन गॅप म्हणतात. २०२३ मध्ये पाच लाखांहून जास्त माणसं तिथून उत्तरेला चालत गेली. बहुतेक व्हेनेझुएलाची, पण हैती, इक्वेडोर, चीन आणि आपल्या भारतातलीसुद्धा. त्यांत लाखाहून अधिक मुलं होती.

पहाटे साडेतीनला पेठच्या स्टँडवरून निघाले. गाठोडं पाठीशी घट्ट बांधलं होतं तरी पहिल्या दोन किलोमीटरमध्येच कळलं की हे धावणं आजवर केलेल्या कुठल्याच धावण्यासारखं नाही. पळताना शरीर वर उचललं जातं आणि खाली येतं. ओझं थोडं उशिरा खाली येतं. प्रत्येक पावलाला तवा कण्यावर एक टोला देतो. कोटंबीच्या घाटात धावणं सोडून दिलं आणि चढ चालून काढले. सपाटीला पळायचं, चढाला चालायचं, उताराला सांभाळायचं. करंजाळीला उजाडलं. तिथं गाठोडं खाली ठेवून पुन्हा उचलताना मला एकटीला जमेना. शाळेत चाललेल्या दोन मुलींनी हात लावला. ओझं डोक्यावर घ्या, पाठीवर नको, असं त्यांनीच सांगितलं. सावळघाटाचा काही भाग मी त्यांचं ऐकून तसा चढले आणि खरंच सोपं गेलं. मान ताठ राहते, श्वास मोकळा होतो.

हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत याच डोंगरांत धावायला शिकली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली. या भागात पोरींना पल्ला शिकवावा लागत नाही. पाणी, सरपण, शाळा, बाजार, सगळंच दूर आहे.

सावळघाट संपल्यावर माझं डोकं रिकामं झालं. लांब धावणाऱ्यांना ही अवस्था ठाऊक असते. अशा वेळी मी काहीतरी मनात धरून ठेवते. आज गीदो व्हान डेर वेर्व्ह या डच कलावंताला धरलं. शोपँ हा पोलंडचा संगीतकार विशीत देश सोडून गेला, परत जाऊ शकला नाही, पॅरिसला मेला. देह तिथं पुरला, हृदय मात्र वॉर्सातल्या चर्चमध्ये आहे. व्हान डेर वेर्व्ह वॉर्साहून पॅरिसपर्यंत सुमारे सतराशे किलोमीटर पोहत, सायकलवरून आणि पळत गेले, आणि पोलंडची माती शोपँच्या थडग्यापाशी ठेवली. २०१२ साली ते काम पूर्ण झालं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, माती पोस्टानं गेली असती. आज पाठीवर आजींचं पीठ असताना तसं वाटलं नाही. कुणाच्या तरी अंगावरून गेलेली वस्तू वेगळी असते.

दुपारी रामशेज दिसू लागला. आशेवाडीला किल्ल्याच्या पायथ्याशी मी वीस मिनिटं आडवी झाले. मावसभावानं मीठ-साखर-लिंबाचं पाणी दिलं. तो म्हणाला, ‘ताई, गाठोडं गाडीवर ठेवू का? कुणाला कळणार नाही.’ त्याच्या मनात माया होती. पण तिथं पडल्या पडल्या मला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं की माझ्यात आणि त्या शंभर किलोमीटर जंगलातल्या बाईत खरा फरक काय आहे. पाय तिचेही दुखतात, माझेही. तिला ‘गाडीवर ठेवू का’ असं विचारणारं कुणी नाही. मी कितीही पळाले तरी तिची जागा घेऊ शकत नाही, आणि घेतली असं दाखवणं हे खोटं. मला घेता येतं ते फक्त अंतर. शंभर किलोमीटर म्हणजे किती, हे माझ्या मांड्यांना, खांद्यांना आणि वाटेत पट्टी वाचणाऱ्या प्रत्येकाला कळावं, एवढंच या कामाकडून मागावं.

गाठोडं मी पाठीवरच ठेवलं.

नाशिकला पोचायला संध्याकाळचे पावणेसहा झाले. सव्वाचौदा तास. वहीत आज फक्त तीन नोंदी. ओझं असलेल्या माणसाला कुणी फारसं थांबवत नाही.

शुक्रवार. नाशिक ते वडनेरभैरव, ४५ किलोमीटर

अंघोळ करून झोपले ती दुखण्यानंच उठले. खांद्यांवर दोरीचे दोन लाल पट्टे. तेहचिंग शिए या तैवानी कलावंताची आठवण झाली. १९७४ मध्ये जहाजावरून उतरून ते अमेरिकेत शिरले आणि चौदा वर्षं कागदपत्रांशिवाय राहिले. १९८१-८२ मध्ये त्यांनी एक अख्खं वर्ष न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर काढलं. कुठल्याही छपराखाली जायचं नाही, एवढाच नियम. पोलिसांनी पकडून आत नेलं ती थोडी वेळ सोडली तर त्यांनी तो पाळला. माझे पाच दिवस त्यापुढे काहीच नाहीत, आणि काल रात्री मी माझ्या छपराखाली झोपले होते. हे लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

आडगाव, ओझर, पिंपळगाव. बसवंताच्या पिंपळगावापर्यंत बरीचशी चालले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव आणि त्यांच्याखाली वाकलेल्या पाठी. इतकी वर्षं या रस्त्यानं गाडीतून जाताना मला मांडव दिसले होते, पाठी आज दिसल्या.

शिरवाडे फाट्यावरून आत वळले. बाग शोधायला दोन फोन आणि एका शाळकरी मुलाची सायकल लागली. घड्याळात दोन दिवसांचे मिळून शंभर किलोमीटर बांधावरच भरले, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. खुडा चालू होता. आजींची लेक क्रेटमध्ये घड लावत होती. तिला आईनं फोनवर सांगून ठेवलेलं, ‘एक बाई पळत येतेय.’ तिनं हात पुसले, गाठोडं सोडलं, तवा आणि गोधड्या बाजूला केल्या आणि सरळ पिठाच्या पिशवीत नाक घातलं. मग विचारलं, ‘आईचा गुडघा कसा हाये?’

मी पाहिलेलं सगळं सांगितलं. गुडघा सुजलेला आहे पण चालते, शेळी व्याली आहे, शेजारच्या घराचं कूड पडलंय. टोळीतल्या आणखी चार बायका भोवती जमल्या. प्रत्येकीचं घर त्याच पाड्यावर. कुणाच्या दाराला कुलूप आहे, कुणाच्या काटकी, हे मला ठाऊक होतं, आणि त्या मला एकेका दाराबद्दल विचारत राहिल्या. अंगणात पाला किती साठला? माझ्या दारची शेवग्याची फांदी मोडली का? मी पट्टीवर काय लिहिलंय हे एकीनंही विचारलं नाही, आणि मलाही त्याची गरज उरली नव्हती.

मांडवाच्या लोखंडी अँगलला एक झोळी बांधलेली होती, तिच्यात तिचं दोन महिन्यांचं बाळ. वही काढली. तिनं आपल्या नावापुढे मूळ गाव म्हणून पाडा लिहिला, हल्ली मुक्काम म्हणून मळा. मग म्हणाली, ‘ह्याचं पण लिहा.’ मी बाळाचं नाव लिहिलं आणि पहिल्या रकान्यापाशी थांबले. तो पाड्यावर अजून एकदाही गेलेला नाही. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि दोन्ही रकान्यांत पाडाच लिहिला. ‘होळीला जाणारच हाये,’ म्हणाली.

निघताना तिनं मुकादमाला विचारून दोन किलो द्राक्षं आणली. बाजूला काढलेले, मणी गळालेले घड. नागलीच्या रिकाम्या पिशवीत खाली वर्तमानपत्र घातलं, घड ठेवले, वरून पुन्हा वर्तमानपत्र. माझ्या पाठीवरची मांजरपाटाची पट्टी सोडून घेतली आणि तिनंच पिशवीचं तोंड आवळलं. ‘आईला द्याल ना? बसनं जा पण. पळू नका, दबतील.’

उद्या सकाळी सातची पेठची एसटी आहे. पिशवी मांडीवर घेऊन बसणार आहे.